जुने स्पीकर काढायचे की ठेवायचे? आधी तंबोरा लावून बघा

सांगलीत आमच्या विश्रामबागेतल्या हॉलमध्ये १९९३ साली घेतलेली स्पीकरची जोडी आहे. खालच्या स्वरांसाठी आठ इंची वूफर, वर बारीक स्वरांसाठी घुमटीचा ट्विटर आणि खोकी अशी वजनदार, की गावभागातून इकडे राहायला आलो तेव्हा हमालानं जिन्यातच विचारलं, "आत दगड भरलेत काय ओ?" दोन वर्षांपूर्वी ही जोडी मी मोडीत काढायला निघालो होतो. भाचीसाठी तंबोरा बघायला मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत गेलो होतो. कारागिरानं नुकतीच जवारी काढलेला, म्हणजे घोडी घासून तारांना झणकार आणलेला तंबोरा समोर बसून छेडला. तासभर तो आवाज कानांत भरून घेतला, घरी आलो आणि नेहमीचा एक ख्याल लावला. तंबोरा गोधडीखालून वाजत होता.

संपले स्पीकर, असं ठरवून नव्या जोडीची चौकशीही सुरू केली. शेवटी दोष निघाला प्रत्येक खोक्यातल्या एका सुकलेल्या कपॅसिटरमध्ये. दोन्हींची मिळून किंमत दोन माणसांच्या चहा-भज्यांएवढी. तेव्हापासून कुणी "नवीन घेऊ का?" असं विचारलं की मी पुढच्या क्रमानं जायला सांगतो. यात फुकटची कामं आधी आहेत, पैशाची नंतर. मधली एखादी पायरी गाळली की हमखास चुकीच्या वस्तूवर खर्च होतो.

तक्रार कागदावर लिहा

"पूर्वीसारखा आवाज येत नाही" हे वाक्य मिस्त्रीला काहीच सांगत नाही. कोणतं गाणं, किती आवाजावर, कोणत्या बाजूनं, आणि नेमकं काय होतं ते लिहा. मंद, झाकल्यासारखा आवाज असेल तर ट्विटरकडे किंवा क्रॉसओव्हरकडे (खालचे-वरचे स्वर वूफर-ट्विटरमध्ये वाटणारी आतली पट्टी) बोट जातं. मोठ्यानं लावल्यावर फाटतो, तर वूफरची कड किंवा अँप्लिफायर. खालचा स्वर घुमतो आणि शब्द कळत नाहीत, तर बहुतेक वेळा खोली. फक्त एकच बाजू बारीक वाजत असेल तर पुढची चाचणी आधी करा.

आणि तक्रार काहीच नसेल, नुसतं नवीन घ्यावंसं वाटत असेल, तर तसंच लिहा. हौसेला मोल नसतं. पण त्यासाठी जुन्या जोडीला खोटे आजार चिकटवू नका. मी चिकटवले होते.

पाच मिनिटांची अदलाबदल

अँप्लिफायर बंद करा. त्याच्या मागे डाव्या स्पीकरची तार उजव्या जागी आणि उजव्याची डाव्या जागी लावा, पुन्हा तेच गाणं वाजवा. दोष त्याच खोक्यात राहिला तर स्पीकर किंवा त्याची तार दोषी. दोष दुसऱ्या खोक्यात गेला तर स्पीकर निर्दोष आहे, भानगड अँप्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही मागे. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर तेही अँप्लिफायरचंच दुखणं, आणि ते बरेचदा काँटॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यानं जातं.

आता तारा. टोकाचं तांबं काळं-हिरवं पडलं असेल तर अर्धा इंच कापून नवीन टोक सोला. घराच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पंधरा-वीस फुटांपर्यंत आठ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) स्पीकरला पुरते, महागड्या तारांच्या नादी लागू नका. लाल-काळ्याची जोडणी मात्र दोन्हीकडे सारखी हवी. एका बाजूला उलटी झाली की खालचे स्वर गायब होतात आणि गायक दोन स्पीकरच्या मधोमध बसण्याऐवजी खोलीभर पसरतो. दिवाळीत घर रंगवून झाल्यावर घाईघाईनं तारा जोडलेल्या घरांत हे मी तीनदा पाहिलं आहे. त्यांतल्या एका घरी नव्या वूफरची ऑर्डर देऊन झाली होती.

खोलीला आठवडा द्या

इथं बहुतेकांना कंटाळा येतो. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक मात्र इथंच पडतो. आपल्याकडचे हॉल म्हणजे खाली फरशी, चारी बाजूंना गिलाव्याच्या उघड्या भिंती, एका बाजूला काचेचं शोकेस. मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. टाळीमागोमाग टर्रर्र असा बारीक पडसाद आला तर स्पीकर कितीही भारी आणा, प्रत्येक शब्दाला ती शेपूट लागणारच. जाड सतरंजी, भरलेलं पुस्तकांचं कपाट, जाड पडदा यांनी ती कमी होते.

दुसरी गोष्ट जागा. एक स्पीकर शोकेसवर आणि एक कपाटावर, ही मांडणी घरातल्या माणसांच्या सोयीची असते. दोन्ही सारख्या उंचीवर, मागच्या भिंतीपासून किमान दीड फूट पुढे, कोपऱ्यापासून दूर ठेवा. दोघांमधलं अंतर आणि प्रत्येकापासून तुमच्या बसण्याच्या जागेपर्यंतचं अंतर साधारण सारखं असू द्या. ट्विटर कानाच्या उंचीवर हवा. तुम्ही गादीवर बैठक मारून ऐकत असाल तर ती उंची अडीच फुटांच्या आसपास येते, सोफ्यावर बसत असाल तर तीन फुटांच्या पुढे. सुतारानं केलेले दोन भक्कम स्टूल पुरतात.

कोपरा का टाळायचा? खोलीच्या लांबीरुंदीत जे स्वर नेमके मावतात ते खोली स्वतःच फुगवते. बारा फुटांच्या भिंतीसाठी तो स्वर ४७ हर्ट्झच्या (सेकंदाला ४७ कंपनं) आसपास असतो, दहा फुटांसाठी ५६. स्पीकर कोपऱ्यात कोंबला की ही फूग आणखी वाढते आणि डग्ग्याचा घुमारा डबा बडवल्यासारखा येतो. लोक त्याला "स्पीकरचा बेस बिघडला" म्हणतात.

एक जुनी युक्ती आहे. तुम्ही नेहमीच्या जागी बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात ज्या जागी तुम्हाला ट्विटर दिसेल तिथून आवाज उसळून तुमच्या कानावर येतो. त्या जागी जाड कापडाचं काहीतरी लटकवा. आमच्याकडे त्या जागी शोकेसची काच निघाली. बायकोनं शोकेस हलवायला साफ नकार दिला, मग तहात पडदा मिळाला.

असं करून आठवडाभर ऐका. कानाला नव्या मांडणीची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात.

जाळी काढा, बोट लावा

आता स्पीकरकडे. जाळी काढून वूफरच्या कोनाभोवतीची कड बघा. ती फोमची असेल तर बोटाच्या टोकानं अगदी हलकं दाबा. चांगला फोम लवचिक असतो, कुजलेला चिकट लागतो किंवा जुन्या उशीतल्यासारखा भुगा होऊन गळतो. फोमची कड हवेनं आणि दमटपणानं पंधरा-वीस वर्षांत जाते, आणि कृष्णाकाठचे पावसाळे तिला मुळीच मानवत नाहीत. न वाजवता गुंडाळून ठेवलेल्या स्पीकरचाही फोम कुजतो, तेव्हा "फार वापरलेले नाहीत" या विकणाऱ्याच्या वाक्याला अर्थ नाही. रबराची कड तीस वर्षंही टिकते, कधी कडक होते. कापडाची सगळ्यांत चिवट.

मग दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून तो सरळ, हळूच आत दाबा. खसखस जाणवली तर कॉइल, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, मॅग्नेटच्या फटीत घासते आहे. पूर्ण बंद खोक्यात कोन सावकाश बाहेर येतो. झटकन आला तर खोक्यात कुठं तरी हवा गळते. पुढं किंवा मागं भोक असलेल्या खोक्याला ही खूण लागू नाही, पण त्या भोकात टॉर्च मारून बघा. कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, पालीची अंडी, उंदरानं कुरतडलेला कापूस, सगळं सापडतं.

मल्टिमीटर असेल तर तारा सोडवून वूफर मोजा. आठ ओहमचा वूफर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, चारचा साडेतीनच्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली किंवा जळली. एक फसगत लक्षात ठेवा: खोक्याच्या मागच्या टर्मिनलवर मोजलं तर ट्विटर कळत नाही, कारण मधला कपॅसिटर मीटरचा प्रवाह अडवतो. ट्विटर त्याच्या स्वतःच्या टोकांवरच मोजायचा.

कोणत्या तारेला अधिक म्हणायचं हा प्रश्न दीड व्होल्टच्या सेलनं सुटतो. वूफरच्या टोकांना क्षणभर सेल टेकवा. सेलचं अधिक टोक लाल खुणेला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. जेबीएलचे काही जुने वूफर याच्या बरोबर उलटे वागतात, त्यांना बिघडलेलं समजू नका. ट्विटरवर हा प्रयोग करू नका.

फोनवर एकच स्वर काढणारं अॅप घेऊन २०० हर्ट्झपासून ४० पर्यंत सावकाश खाली या, आवाज बेताचा ठेवा. कुठल्याशा स्वरावर काहीतरी झणझणलं की आधी घर तपासा. आमच्याकडे ६० च्या खाली शोकेसमधला पितळी नंदी वाजत होता. नंतर ढिले स्क्रू, जाळी, आतून खोक्याला टेकलेली तार.

तंबोऱ्याची परीक्षा

हे माझं लाडकं प्रकरण. पट्टी काळी एक धरली तर पुरुषी तंबोऱ्याची जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, १३९ हर्ट्झच्या जवळ बसते आणि खर्ज, म्हणजे शेवटची जाड तार, ६९ च्या. म्हणजे खर्जासाठी फार मोठा वूफर लागत नाही. पण जवारीमुळे त्याच तारेतून वरच्या स्वरांची जी भुरभुर निघते ती काही हजार हर्ट्झपर्यंत जाते, आणि तार छेडल्यानंतर सरकत, उलगडत राहते. तळ, मध्य आणि वरची धार, तिन्ही एकाच वाद्यात सलग मिळतात. सांगली-मिरजेत राहण्याचा एक फायदा असा, की खरा तंबोरा ऐकायला बसभाडंसुद्धा फार लागत नाही. कुणाच्या घरी, क्लासमध्ये, कारागिराकडे दहा मिनिटं समोर बसा आणि मग घरी या.

ख्यालाआधी नुसता तंबोरा असलेली चांगली ध्वनिमुद्रिका लावा. एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवा. ट्विटरवर तळवा धरा आणि काढा. काहीच फरक पडला नाही तर ट्विटर मेला आहे किंवा त्याला स्वर पोचत नाही. थोडाच फरक पडला तर कपॅसिटर सुकला असेल, किंवा काही ट्विटरच्या फटीत भरलेलं चुंबकीय तेल घट्ट झालं असेल.

परीक्षेला वस्तू योग्य निवडा. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं निधन १९३७ सालचं. त्यांच्या लाखेच्या तबकड्यांत वरची भुरभुर मुळात पोचलेलीच नाही, स्पीकरला बोल लावून काय उपयोग? मध्यम लहरींवरचा रेडिओ आणि फोनवर दहा जणांकडून फिरत आलेलं गाणंही बाद.

आणि कान आपलेच तपासा. साठीच्या आसपास दहा-बारा हजार हर्ट्झच्या वरचं बऱ्याच जणांना ऐकू येत नाही. घरातल्या विशी-पंचविशीच्या माणसाला शेजारी बसवा. मी भाचीला बसवलं. ती म्हणाली, "मामा, दोन्ही बंद-बंद वाजताहेत, पण उजवा जास्त." मला दोन्ही सारखेच वाटत होते.

दुरुस्ती, आणि कुणाकडे

कपॅसिटर. दुकानात याला कंडेन्सरही म्हणतात. वूफर काढला की आत क्रॉसओव्हरची पट्टी दिसते. इलेक्ट्रोलिटिक जातीचे कपॅसिटर वीस-तीस वर्षांत सुकतात, फिल्मचे क्वचित. एक पाय सोडवून मीटरवर मोजा. लिहिलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त फरक असेल तर बदला. माझ्याकडे ४.७ मायक्रोफॅरड लिहिलेला जेमतेम ३ दाखवत होता. नवीन घेताना ध्रुव नसलेलाच, म्हणजे एनपी किंवा बीपी लिहिलेला मागा. साधा अधिक-उणे खुणेचा दिला तर परत करा. एका बाजूचा खराब असला तरी बदलायचे दोन्ही बाजूंचे.

फोमची कड बदलणं जरा निगुतीचं काम आहे. "आठ इंची फोम द्या" म्हणून भागत नाही. फोमचा बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि कोनाचा व्यास मोजून न्या. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन. जुना फोम आणि डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हळूहळू सोडवायचा, नवीन कड आधी कोनाला चिकटवायची, ती वाळल्यावर चौकटीला. चौकटीला चिकटवताना कॉइल फटीच्या बरोबर मध्ये राहिली पाहिजे. त्यासाठी ३० हर्ट्झचा अगदी बारीक स्वर चालू ठेवून कोन हलता ठेवतात, घासला की लगेच कळतं. मग दिवसभर हात लावायचा नाही. आषाढ-श्रावणात डिंक वाळायला जास्त वेळ जातो, शक्यतो तेव्हा करू नका.

स्वतः करायचं नसेल तर आपल्याकडे स्पीकरचे कारागीर कमी नाहीत. गणेशोत्सवाच्या भिंती उभ्या करणाऱ्या या पट्ट्यात कोन बदलणारे, कॉइल गुंडाळणारे हात सराईत आहेत. पण त्यांचा रोजचा माल मैदानात आवाज फेकणारा असतो: कडक कापडी कड, जाड कागदी कोन. तेच सामान घरच्या वूफरला बसवलं की तो जोरात वाजतो आणि खालचा स्वर हरवतो. मी एका दुकानात एक वूफर दिला होता, तो नवा कोन आणि नवी कॉइल घालून परत आला. कारागिरानं मनापासून, चकचकीत काम केलं होतं. फक्त माझे दोन स्पीकर त्यानंतर सख्खे भाऊ राहिले नाहीत. शेवटी त्याच मॉडेलचा जुना वूफर शोधून आणावा लागला. म्हणून देतानाच चिठ्ठीवर लिहा: मूळ कोन, मूळ कॉइल, मूळ स्पायडर (कोनाला मागून धरणारी नागमोडी चकती) तसेच, फक्त फोम. आणि अनंत चतुर्दशी होऊन जाऊ द्या, त्याआधी त्यांना श्वास घ्यायला सवड नसते.

वूफरच जळाला आणि तोच मिळत नसेल तर "याच मापाचा दुसरा" बसवायला नाही म्हणा. खोक्याचं आकारमान आणि क्रॉसओव्हर त्या विशिष्ट वूफरसाठी आखलेला असतो. भोकात बसला म्हणजे जमला असं होत नाही.

कधी सोडून द्यायचं

पुरात बुडालेले स्पीकर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या एका स्नेह्यांची जोडी दोन दिवस पाण्यात होती. भुशाच्या बोर्डाची खोकी फुगून पाव झाली होती, मॅग्नेटच्या फटीत गाळ गेला होता. अशांवर पैसा घालू नये. वाळवीनं पोखरलेली खोकीही तशीच. टू-इन-वन संचासोबत आलेली, आत एकच कागदी कोन असलेली हलकी खोकीही माया असली तरी दुरुस्तीच्या खर्चाला पात्र नाहीत.

बाकीच्यांसाठी माझा हिशोब साधा. त्याच तोडीच्या नव्या जोडीच्या एक तृतीयांशाच्या आत दुरुस्ती बसत असेल तर दुरुस्ती. माझं सगळं मिळून, चुकलेला वूफर धरूनसुद्धा, नव्या जोडीच्या पाव किमतीच्या आत बसलं. निम्म्याच्या वर जात असेल तर नवीन. मधल्या पट्ट्यात मन ज्या बाजूला झुकेल ते करा, वडिलांची जोडी असेल तर हिशोब बदलतोच.

नवीन घ्यायचेच ठरले तर

आधी अँप्लिफायरची ताकद आणि त्यावर लिहिलेले ओहम बघा. आठ ओहमच्याच स्पीकरसाठी केलेल्या जुन्या अँप्लिफायरला चार ओहमची जोडी लावली की तो तापतो. मग स्पीकरची संवेदनशीलता बघा, डेसिबलमध्ये लिहिलेली असते. ३ डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात. तुमची जुनी जोडी ९० ची आणि नवीन ८४ ची असेल तर चौपट. तीस वॅटच्या अँप्लिफायरवर ती दमेल, तुम्ही आवाज वाढवाल, अँप्लिफायर स्वर छाटायला लागेल आणि छाटलेल्या स्वरानं पहिला जळतो तो ट्विटर. अँप्लिफायरही म्हातारा झाला असेल तर आत अँप्लिफायर असलेले स्पीकर हा सुटसुटीत मार्ग आहे.

दुकानात ऐकताना आपली गाणी घेऊन जा, तंबोरा सगळ्यात आधी. दोन जोड्या तुलनेला लावल्या की फोनवरच्या डेसिबल अॅपनं दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण जो थोडा मोठ्यानं वाजतो तो नेहमीच चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. घरी नेऊन ऐकायची किंवा परत करायची सोय मिळत असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. दुकानातली खोली तुमच्या हॉलसारखी नसते.

नवीन जोडी आली तरी जुनी महिनाभर माळ्यावर टाकू नका, शेजारीच असू द्या आणि मधूनमधून तारा बदलून ऐका. मग द्यायची तर संगीत शिकणाऱ्या एखाद्या पोराला द्या. गणपती मंडळाला देऊ नका. घरगुती वूफर पहिल्याच आरतीला कॉइल जाळून घेतो.